दातांच्या उपचारांची भीती आणि शिरेतून दिली जाणारी गुंगी : काही शंका

मोगरा

नमस्कार. दातांच्या उपचारांची मला लहानपणापासून इतकी धास्ती आहे की गेली अनेक वर्षे दंतवैद्यांकडे जाणे मी या ना त्या सबबीखाली टाळत आले. आता टाळण्यासारखे काही उरलेले नाही. खालच्या दोन दाढांना रूट कॅनाल करावे लागणार आहे आणि हाडात आडवी रुतलेली एक अक्कलदाढ हिरडी उघडून काढावी लागेल, असे एक्स-रे पाहून सांगण्यात आले आहे. तपासणीसाठी नुसता आरसा तोंडात घातला तेव्हाच माझी पाचावर धारण बसली. दरदरून घाम, छातीत धडधड आणि भरीस भर म्हणून उमासे. ते पाहून दंतवैद्यांनी स्वतःच शिरेतून औषध देऊन गुंगी आणण्याचा पर्याय सुचवला. अशा कामासाठी त्यांच्याकडे भूलतज्ज्ञ येतात.

त्यांनी सर्व समजावून सांगितले, परंतु त्या वेळी काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते, म्हणून येथे विचारते आहे. या गुंगीत मी पूर्ण बेशुद्ध असेन का? तसे असेल तर दवाखान्याच्या खुर्चीत माझा श्वास थांबला तर काय करतात? तसे नसेल, म्हणजे मी जागी असेन, तर मग भीती जाणार कशी? शिवाय ज्या सुईची मला धास्ती आहे तीच सुई हातात टोचून घ्यायची, हेही मला विचित्र वाटते. त्यापेक्षा रुग्णालयात दाखल होऊन संपूर्ण भूल घ्यावी आणि सगळे एकदाच उरकून टाकावे, हे अधिक शहाणपणाचे नाही का?

थायरॉइडची गोळी रोज चालू आहे आणि तिची मात्रा स्थिर आहे. झोप लागत नाही तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची गोळी अधूनमधून घेते. याव्यतिरिक्त कोणताही आजार नाही.

भूलशास्त्री

मी भूलतज्ज्ञ आहे आणि दंतोपचारांसाठी अशी गुंगी नियमितपणे देतो. आपली तपासणी मी केलेली नसल्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा. निर्णय आपल्या भूलतज्ज्ञांशी बोलून घ्यावा.

पहिली गोष्ट म्हणजे ही गुंगी आणि संपूर्ण भूल या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला सुचवलेल्या प्रकारात रुग्ण सुस्तावलेला, निवांत आणि अर्धवट पेंगुळलेला असतो, परंतु "तोंड थोडे अधिक उघडा" असे म्हटल्यावर तो उघडतो, हाक मारली की प्रतिसाद देतो, आणि त्याचा श्वास त्याचा तोच घेत असतो. खोकला येणे, घशातले गिळणे या स्वसंरक्षणाच्या प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहतात. दातांच्या कामात पाणी, रक्त आणि दाताचे कण घशाकडे जात असल्यामुळे हे फार महत्त्वाचे आहे. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि संपूर्ण भूल अशी नावे आम्ही देतो खरी, पण प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या पायऱ्या नसून तो एक सलग उतार आहे. रुग्ण ठरवलेल्या जागेच्या खाली घसरणार नाही हे पाहणे, हेच आमचे मुख्य काम.

सर्वाधिक वापरले जाणारे औषध मिडाझोलम. ते येण्यापूर्वी डायझेपाम वापरत असत. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे त्याचे इंजेक्शन शिरेला झोंबत असे, कधी शीर सुजत असे आणि त्याचा अंमल रेंगाळत असे. मिडाझोलमचे इंजेक्शन पाण्यात विरघळलेल्या स्वरूपात असते, काही मिनिटांतच त्याचा परिणाम दिसू लागतो आणि निरोगी प्रौढाच्या शरीरात त्याचे प्रमाण साधारण दीड ते अडीच तासांत निम्म्यावर येते. ते एकदम टोचत नाहीत. एक-दोन मिलिग्रॅमने सुरुवात करायची, थांबायचे, रुग्णाशी बोलत राहायचे, मग अर्धा किंवा एक मिलिग्रॅम आणखी द्यायचे. शब्द किंचित जड होऊ लागले, पापण्या मिटू लागल्या आणि उत्तर यायला क्षणभर उशीर होऊ लागला की थांबायचे. कोणाला किती लागेल हे वजनावरून आधी नेमके सांगता येत नाही. तोंडावाटे दिलेल्या गोळीपेक्षा शिरेतला मार्ग उजवा ठरतो तो यामुळेच. गोळी एकदा गिळली की तिचा अंमल कमी पडो वा जास्त होवो, आपण काहीच करू शकत नाही.

आता श्वासाविषयी, कारण आपली खरी चिंता तीच दिसते आणि ती अनाठायी नाही. मिडाझोलम जास्त झाले, किंवा त्यासोबत फेंटानिलसारखे वेदनाशामक दिले, तर श्वास उथळ आणि मंद होतो, तसेच जीभ मागे पडून वाट अरुंद होऊ शकते. म्हणून बोटाला पल्स ऑक्सिमीटर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि शक्यतो उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ लावतात. ऑक्सिमीटरचा एक दोष सामान्यतः कोणी सांगत नाही : नाकातून जादा ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यानंतरही बराच वेळ त्यावरचा आकडा छान दिसत राहतो. कॅप्नोग्राफवर मात्र प्रत्येक श्वासाची लाट दिसते आणि ती सपाट झाली की लगेच कळते. तसे झाले तर प्रथम रुग्णाला हलवून "मोठा श्वास घ्या" असे सांगतात, हनुवटी वर उचलतात, ऑक्सिजन वाढवतात, आणि एवढ्याने भागले नाही तर मास्क व पिशवीने श्वास देतात. मध्यम गुंगीत बहुतेक वेळा पहिल्या दोन उपायांपुढे जावे लागत नाही. मिडाझोलमवर फ्लुमाझेनिल नावाचे उताऱ्याचे औषधही उपलब्ध आहे. ते मिडाझोलमच्या आधी ओसरते, त्यामुळे ते दिल्यानंतर रुग्ण ताजातवाना दिसला तरी पुन्हा गुंगीत जाऊ शकतो आणि त्याला लगेच घरी सोडता येत नाही.

झोपेच्या गोळीचे नाव आपल्या भूलतज्ज्ञांना अवश्य सांगा. ती मिडाझोलमच्याच कुळातली असेल तर नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते, आणि अशा गोळ्या दीर्घकाळ रोज घेणाऱ्याला फ्लुमाझेनिल दिल्यास झटके येण्याचा धोका असतो. दाढेच्या सुजेसाठी मध्यंतरी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले असेल, अथवा बुरशीवरची काही औषधे चालू असतील, तर तेही सांगा. ही औषधे यकृतात मिडाझोलमचे विघटन होऊ देत नाहीत आणि अंमल लांबतो. नियंत्रणात असलेल्या थायरॉइडची अडचण सहसा येत नाही.

संपूर्ण भूल घेऊन सगळे एकदाच उरकण्याचा विचार समजण्यासारखा आहे, परंतु तिची तयारी आणि तिची जोखीम दोन्ही वरच्या दर्जाची असतात. ब्रिटनमध्ये २००१ च्या अखेरीपासून दंतोपचारांसाठी संपूर्ण भूल केवळ रुग्णालयातच देण्याचा नियम झाला, तो खुर्चीत झालेल्या मृत्यूंमुळे. आपल्या बाबतीत गुंगीने भागण्यासारखे असताना त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

पाणकावळा

मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. माझ्या दोन अक्कलदाढा अशा गुंगीत काढल्या आहेत. सुईची भीती मलाही होती. हाताच्या पाठीवर बधिर करणारे मलम लावून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचे हे मलम पूर्ण काम करायला सुमारे तासभर घेते, त्यामुळे ते आयत्या वेळी लावून उपयोग नाही. आधीच सांगून ठेवा. त्यानंतर बोटाने दाबल्यासारखे जाणवले, टोचल्यासारखे नाही.

पुढचे मला जवळजवळ काहीच आठवत नाही. मी शपथेवर सांगितले असते की मी गाढ झोपलो होतो. बायकोला मात्र दंतवैद्यांनी सांगितले की मी सांगितल्याबरोबर तोंड उघडत होतो, मान वळवत होतो, आणि मध्येच "झाले का?" असेही विचारले होते. घरी येताना तिला मी तोच तो प्रश्न पुनःपुन्हा विचारत होतो म्हणे. काही लोकांना ही विस्मृती वरदान वाटते. मला काम झाल्याचे समाधान होते, पण आयुष्यातला तासभर कोणीतरी कापून नेल्यासारखे वाटून काही दिवस अस्वस्थताही होती. हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून सांगतो.

दुसरे असे की संध्याकाळपर्यंत आपण पूर्ण ताळ्यावर आलो आहोत असे ठामपणे वाटते आणि ते खरे नसते. घरी सोबत असणारे माणूस खमके असावे.

हिरडी_आणि_हनुवटी

मी दंतवैद्य आहे. वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही एक गोष्ट थोडी वेगळ्या अंगाने मांडावीशी वाटते.

मोगरा, "मी जागी असेन तर भीती जाणार कशी" हा आपला प्रश्न नेमका आहे. गुंगीमुळे त्या दिवसापुरती भीती जाते, पण मूळ भीती जागच्या जागी राहते. भीती कमी होते ती "मला वाटले होते तसे काही झाले नाही" या अनुभवातून, आणि मिडाझोलम नेमका तो अनुभवच स्मरणात उमटू देत नाही. त्यामुळे प्रत्येक लहानसहान कामासाठी गुंगी घेणारे रुग्ण पुढच्या वेळीही तितकेच घाबरलेले येतात, असे मी पाहिले आहे. उलट, भीतीवर बोलून आणि थोड्या थोड्या सरावाने काम करणाऱ्या संज्ञानात्मक वर्तनोपचारांचा परिणाम टिकतो. त्यासाठी वेळ लागतो, आणि सुजलेली दाढ तेवढी थांबत नाही, ही खरी अडचण आहे.

म्हणून माझी सूचना अशी की कामांची वाटणी करून घ्यावी. अक्कलदाढ हाडात रुतलेली आहे, तेथे हाड कोरावे लागेल, दाढेचे तुकडे करावे लागतील. ते निःसंकोच गुंगीत करून घ्या. पहिले रूट कॅनालही त्याच बैठकीत सुरू करता येईल का, हे आपल्या दंतवैद्यांना विचारा. मात्र दाढ भरल्यानंतरची कॅप, दात साफ करणे, एक्स-रे, ही वेदनारहित कामे जागेपणी करून घ्या. आधी नुसते खुर्चीत बसून गप्पा, मग आरसा, मग पाण्याचा फवारा, अशा क्रमाने. हात वर केला की समोरचा माणूस थांबतो हे दोनतीनदा प्रत्यक्ष अनुभवल्यावर पुष्कळ रुग्णांची खुर्चीच्या कडेवरची मूठ सैल होते. कॅप जागेपणी बसवण्याला एक निव्वळ तांत्रिक कारणही आहे : गुंगीतला रुग्ण दात नीट मिटत नाही आणि "उंच लागते का" या प्रश्नाला भरवशाचे उत्तर देत नाही, त्यामुळे चावा तपासणे अवघड होते.

गुंगीत वेदना नाहीशा होत नाहीत, हेही स्पष्ट करतो. मिडाझोलम वेदनाशामक नाही. हिरडीतली बधिर करणारी सुई द्यावीच लागते. फरक इतकाच की ती देताना आपण हातपाय ताठ करून बसलेल्या नसता, आणि बहुधा ती दिल्याचे आपल्याला आठवणारही नाही. चांगली गुंगी साधारण अर्धा ते पाऊण तास टिकते, म्हणून आम्ही इंजेक्शने आणि दाढ काढणे आधी उरकतो व टाके मागाहून घालतो. उमासे येण्याचा त्रासही गुंगीत पुष्कळ कमी होतो. रूट कॅनालच्या वेळी दाढेभोवती रबराचा पडदा लावला तर पाणी आणि बारीक उपकरणे घशाकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. तो लावण्याचा आग्रह धरायला संकोच करू नका.

भीती किती आहे हे मोजण्यासाठी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. उद्या दंतवैद्यांकडे जायचे आहे, आपण प्रतीक्षाकक्षात बसला आहात, दाताला ड्रिल लागणार आहे, दात साफ केले जाणार आहेत, हिरडीत इंजेक्शन दिले जाणार आहे : या प्रत्येक प्रसंगी कसे वाटेल याला १ ते ५ गुण द्यायचे. एकूण ५ ते २५ पैकी १९ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे भीती तीव्र स्वरूपाची समजतात. एकूण बेरजेपेक्षा कोणत्या प्रश्नाला किती गुण पडले यात मला अधिक रस असतो. केवळ इंजेक्शनला ५ आणि बाकी सर्वत्र २ असलेल्या रुग्णाला गुंगी लागतेच असे नाही; त्याला हिरडीवर आधी जेल लावून अतिशय सावकाश दिलेले इंजेक्शन पुरते.

पारिजात

चांगली चर्चा. माझ्या वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, वजन जास्त आहे, ते मोठ्याने घोरतात आणि झोपेत त्यांचा श्वास अधूनमधून अडकतो. त्यांच्याही चार दाढा काढायच्या आहेत व ते अतिशय घाबरतात. त्यांना हा पर्याय चालेल का?

भूलशास्त्री

पारिजात, आपण केलेले वर्णन झोपेत श्वसनमार्ग बंद पडण्याच्या विकाराचे वाटते. त्याची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. जो घसा साध्या झोपेतही मिटतो तो औषधाच्या गुंगीत अधिक सहज मिटणार, आणि दंतोपचारात तोंड हे दंतवैद्यांचे आणि आमचे दोघांचेही कामाचे ठिकाण असल्यामुळे तेथे हात घालणे वाटते तितके सोपे नसते. उतारवयात मिडाझोलमची मात्रा निम्म्याहूनही कमी लागू शकते, आणि काही वृद्धांमध्ये शांत होण्याऐवजी ते बेचैन होतात, बडबडतात, हात झटकतात. दवाखान्यातल्या खुर्चीत शिरेतून गुंगी देण्यासाठी आम्ही निरोगी किंवा एखादा सौम्य, नियंत्रित विकार असलेले रुग्णच निवडतो. आपल्या वडिलांसाठी रुग्णालयातील व्यवस्था पाहावी, किंवा नाकावाटे दिल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा विचार करावा. त्याच्या यंत्रातून ऑक्सिजन कधीही ३० टक्क्यांच्या खाली जात नाही, वायू बंद करून काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो, आणि हातात सुई नसते. मात्र नाक चोंदलेले असेल तर तो वायू पुरेसा पोहोचत नाही. दाढा एकदम चार न काढता दोन बैठकींत काढाव्यात, हेही सुचवतो.

मोगरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कामांची वाटणी करण्याची कल्पना मला पटली. अक्कलदाढ आणि पहिले रूट कॅनाल गुंगीत करून घ्यायचे, आणि पुढचे काय ते त्यानंतर ठरवायचे, असे मनाशी योजले आहे. त्याआधी फक्त खुर्चीत बसून येण्यासाठी एक वेळ मागून घेतली आहे. भूलतज्ज्ञांना भेटताना काय काय विचारावे, आणि त्या दिवसाची तयारी कशी करावी, एवढे सांगाल का? उपाशी राहण्याबाबत मला दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरे मिळाली आहेत.

भूलशास्त्री

उपाशी राहण्याबाबत वेगवेगळी उत्तरे मिळणे स्वाभाविक आहे. संपूर्ण भुलीपूर्वी घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवतात. मध्यम गुंगीसाठी काही भूलतज्ज्ञ तोच नियम पाळतात, काही हलके खाण्याची मुभा देतात. ज्यांच्या हाती औषध असणार आहे त्यांचे ऐकावे. थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर कधी घ्यायची, हेही त्यांनाच विचारा.

गुंगी देणारी व्यक्ती आणि दाढ काढणारी व्यक्ती वेगळी असेल का, किंवा एकच असल्यास आपल्यावर लक्ष ठेवण्यासाठी प्रशिक्षित दुसरी व्यक्ती सतत शेजारी असेल का, हे विचारा. कोणते औषध वापरणार तेही विचारा. मिडाझोलमऐवजी प्रोपोफोल म्हणाले तर स्वतंत्र भूलतज्ज्ञ असलाच पाहिजे, कारण त्या औषधात मध्यम गुंगी आणि संपूर्ण भूल यांतले अंतर फार थोडे असते. ऑक्सिजन, मास्क व पिशवी, फ्लुमाझेनिल आणि कॅप्नोग्राफ खोलीत आहेत का, हे विचारण्यात अजिबात गैर नाही. ज्यांच्याकडे असते ते आनंदाने दाखवतात. जेथे या प्रश्नाने कपाळावर आठ्या पडतील, तेथे दुसरीकडे चौकशी करावी.

संमतिपत्र शांतपणे वाचून आधीच सही करा, औषध दिल्यानंतरची सही ग्राह्य धरू नये. नंतरच्या सूचना लेखी घ्या आणि त्या सोबतच्या माणसाच्या हातात द्यायला सांगा, कारण आपल्याला सांगितलेले आपल्या लक्षात राहणार नाही. चोवीस तास वाहन चालवणे, मद्य घेणे, झोपेची गोळी घेणे, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करणे आणि लहान मुलांना एकटीने सांभाळणे टाळा. बाह्या सैल असलेला पोशाख घाला, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, आणि गडद नेलपॉलिश असेल तर किमान एका हाताची बोटे स्वच्छ करून या, नाहीतर ऑक्सिमीटरला वाचताना अडथळा येऊ शकतो.

मोगरा

संमतिपत्राची प्रत आजच मागवते. कॅप्नोग्राफचे विचारून येथे कळवीन.